लेक होस्टेलला निघते तेव्हा: बॅग भरण्याआधीची तयारी



बारावीचा निकाल लागला, सीईटीचे मार्क आले की गटाच्या बैठकीत हप्ता गोळा होईपर्यंत एकच विषय असतो. कुणाच्या मुलीचा कुठं नंबर लागला, कुणाच्या मुलाला वसतिगृह मिळालं, कुणाला खोली भाड्यानं घ्यावी लागणार. आपल्यातल्या कितीतरी जणी सातवी-दहावीला शाळेतून निघाल्या. आज आपलीच लेकरं विद्यापीठात निघालीत. आनंद तर आहेच, पण पोटात गोळाही येतो. लेकराला परक्या गावात चार वर्षं ठेवायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे आपल्याला कुणी शिकवलेलं नाही. म्हणून या अंकात त्यावरच लिहिते आहे.

आधी माझी चूक सांगते

तीन वर्षांपूर्वी माझी लेक कृषी विद्यापीठाच्या वसतिगृहात राहायला गेली. तयारीत मी काही कमी ठेवलं नव्हतं. गादी, दोन चादरी, बादली, मग, कुलूप, कपडे वाळत घालायची दोरी, चिमटे, शेंगदाण्याची चटणी, दोन किलो लाडू. पंधरा दिवस आधीच सामान बांधून ठेवलं होतं.

एसटी स्टँडवर गाडी लागली तेव्हा तिचे वडील तिला म्हणाले, "नीट राहा. काही कमी-जास्त कानावर आलं, तर त्याच दिवशी घरी घेऊन येणार." ते काळजीपोटीच बोलले. मीसुद्धा मान हलवली.

दिवाळीच्या आधी लेक आजारी पडली. अंगात ताप, अन्न जात नाही. पण रोज संध्याकाळी फोनवर सांगायची, "आई, मी बरी आहे. जेवले." आवाज बसलेला वाटायचा. विचारलं तर म्हणायची, "झोपेतून उठलेय." नवव्या दिवशी अनोळखी नंबरवरून फोन आला. "काकू, मी तुमच्या मुलीच्या खोलीतली. तिनं सांगू नको म्हटलंय, पण मला राहवेना. ती आठ दिवस झाले तापानं पडून आहे."

मी रात्रीच्या गाडीनं गेले. टायफॉइड निघाला. पाच दिवस दवाखान्यात काढले. बरी झाल्यावर तिला विचारलं, "अगं, सांगितलं का नाहीस?" ती भिंतीकडं बघत म्हणाली, "बाबा घरी घेऊन गेले असते. मग परत पाठवलं नसतं. लग्नाचंच काढलं असतं."

त्या दिवशी मला कळलं, की सामानाची सगळी यादी मी पुरी केली होती, पण अडचण आली तर घरी कशी सांगायची याची वाटच आम्ही बंद करून टाकली होती. जे बोलणं आम्हाला काळजीचं वाटत होतं, ते तिला धमकीसारखं लागलं होतं. म्हणून माझ्या यादीत पहिली गोष्ट आता बादली नाही.

पहिली तयारी: घरातला ठराव

आपण गटात ठराव करतो, तो वहीत लिहितो, सगळ्यांच्या सह्या घेतो. तसाच ठराव घरात करा. लेकरू निघायच्या आठ दिवस आधी आई, वडील आणि मूल असे तिघंही निवांत बसा. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांनाही बसवा, कारण "आता बस झालं शिक्षण" हे वाक्य बऱ्याचदा तिथूनच येतं.

ठराव एवढाच: "काहीही झालं तरी पहिला फोन घरी करायचा. सांगितलं म्हणून शिक्षण बंद होणार नाही."

हे वाक्य वडिलांनी स्वतःच्या तोंडानं बोलायला पाहिजे. आईनं दहा वेळा सांगितलं तरी मुलीच्या मनात प्रश्न राहतोच, "पण बाबांचं काय?" आमच्या घरात हे वाक्य दवाखान्यातून आल्यावर बोललं गेलं. तुमच्याकडं आधीच बोललं जावं.

कोणत्या गोष्टी त्याच दिवशी सांगायच्या, तेही ठरवून घ्या. दोन दिवसांत न उतरलेला ताप. पैसे संपले किंवा हरवले. कुणी त्रास दिला, पाठलाग केला, फोनवर घाण मेसेज पाठवले. पेपर अवघड गेला, विषय राहिला. रात्र-रात्र झोप लागत नाही, जेवावंसं वाटत नाही, कुणाशी बोलावंसं वाटत नाही.

आणि फोन आला की आपण काय करायचं? आधी पूर्ण ऐकून घ्यायचं. "मी तुला आधीच सांगितलं होतं" हे वाक्य तोंडावर आलं तरी गिळायचं. मग दोन प्रश्न विचारायचे: "आत्ता तुझ्याजवळ कोण आहे?" आणि "आज आपण काय करायचं?" बाकीचं उद्या. लेकरानं विश्वासानं सांगितलेलं भावकीत किंवा नळावर बोलायचं नाही. ते एकदा तिच्या कानावर गेलं, की पुढचा फोन येत नाही.

मुलगा असेल तरी हाच ठराव. मुलं तर आणखी कमी सांगतात. "पोरगा आहे, राहील कसाबसा" असं म्हणून आपण त्याला विचारत नाही, आणि तोही "पुरुषासारखं राहायचं" म्हणून बोलत नाही.

दुसरी तयारी: दोन महिने घरीच सराव

निकालापासून प्रवेशापर्यंत दोन-तीन महिने हातात असतात. या दिवसांत "आता जाणारच आहे, खाऊ-पिऊ दे, आराम करू दे" असं आपल्याला वाटतं. माया करा, पण हीच वेळ सरावाचीसुद्धा आहे. होस्टेलवर जे एकट्यानं करायचं आहे, ते एकदा घरी आपल्या नजरेखाली होऊ द्या.

सकाळी हाक न मारता उठणं. आपले कपडे, आतले कपडेसुद्धा, धुऊन उन्हात वाळवणं. आपलं ताट, आपली जागा साफ करणं. वरण-भात, पोहे, अंडी किंवा एखादी भाजी एवढं करता येणं. हे मुलालाही शिकवा. त्याच्या हातात झाडू दिला म्हणून कुणी हसलं तर हसू द्या.

तालुक्याला एकटं पाठवा. बँकेत जाऊन पैसे काढणं, पासबुकावर नोंद करून घेणं, एटीएम वापरणं तिचं तिनं करावं. सरकारी दवाखान्यात जायची वेळ आली तर केसपेपर तिलाच काढू द्या आणि डॉक्टरांना काय होतंय ते तिलाच सांगू द्या. आपण सोबत असलो की आपणच बोलतो आणि लेकरू गप्प राहतं. माझी लेक आठ दिवस पडून राहिली त्याचं हेही एक कारण होतं. दवाखान्यात एकटीनं जाऊन काय बोलायचं, हेच तिला माहीत नव्हतं.

मुलींशी पाळीबद्दल मोकळं बोला. पॅड किती लागतात, ते कागदात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात टाकायचे, संडासात टाकायचे नाहीत, पोटात फार दुखलं तर कुणाला सांगायचं. होस्टेलवर न्हाणीघर, संडास सगळ्यांचं मिळून असतं. घरात आपलं-आपलं करायची सवय असलेल्या मुलीला पहिले काही दिवस याचाच त्रास होतो.

तिसरी तयारी: कागदांची फाईल

एक प्लास्टिकची फाईल करा आणि प्रत्येक कागदाच्या तीन-तीन झेरॉक्स काढा. दहावी-बारावीची मार्कलिस्ट, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, रहिवासी दाखला, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, लागू असेल तर जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रिमीलेयर, बँक पासबुक, फोटो. दाखल्यांसाठी सेतू केंद्रात निकालाच्या आधीच जा. निकालानंतर तिथं रांग लागते. सगळ्या कागदांचे फोटो मोबाइलमध्येही ठेवा. मूळ कागद कुणाला दिला, तर कुठल्या तारखेला, कुणाला दिला, हे वहीत लिहा.

योजनांसाठी मुलाचं बँक खातं आधारशी जोडलेलं पाहिजे. हे काम राहिलं तर मंजूर झालेली रक्कमसुद्धा अडकते.

आपल्याकडं चार कृषी विद्यापीठं आहेत: राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली. त्यांच्यासह बहुतेक विद्यापीठांत प्रवेशाचा अर्ज वेगळा आणि वसतिगृहाचा अर्ज वेगळा असतो. प्रवेश झाला म्हणजे खोली मिळाली असं धरू नका. प्रवेशाच्या दिवशीच विचारा: वसतिगृहाचा अर्ज कधी, यादी कधी लागते, अनामत किती, मेस सक्तीची आहे का.

चौथी तयारी: पैशाचा हिशोब

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं व्यावसायिक अभ्यासक्रमाला जाणाऱ्या मुलींना मोठी सवलत मिळाली. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल, तर आर्थिक दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्गातल्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शासन भरतं. पण ऐकताना आपण "सगळं फुकट" असं ऐकतो. राहणं, मेस, प्रवास, पुस्तकं हा खर्च त्यात धरलेला नाही. तो वेगळा धरावा लागतो.

राहण्याच्या खर्चासाठी वेगळ्या योजना आहेत. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाल उपाध्याय स्वयं योजना, इतर मागास, विमुक्त-भटक्या आणि विशेष मागास वर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. प्रत्येकाच्या अटी वेगळ्या आहेत. कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात जाऊन, आपल्याला कोणती लागू होते आणि शेवटची तारीख काय, हे लिहूनच घ्या.

एक ध्यानात ठेवा. योजनेचा पैसा सत्र सुरू झाल्यावर येतो, कधी फार उशिरा येतो. मेसचे पैसे मात्र पहिल्याच महिन्यात भरावे लागतात. म्हणून निदान पहिल्या चार महिन्यांचा खर्च हातात पाहिजे. मी गटातून १५,००० रुपये अंतर्गत कर्ज घेतलं होतं, शेकडा २ रुपयांनी, आणि सोयाबीनच्या पैशात फेडलं. सावकाराकडं किंवा मोबाइलवरच्या कर्जाच्या ॲपकडं जाऊ नका.

लेकराला महिन्याचे पैसे किती, हे एकदाच ठरवा. समजा मेस सोडून १,५०० रुपये. त्यातलं फोनचं रिचार्ज, साबण-तेल, झेरॉक्स, प्रवास किती, हे तिच्याकडूनच लिहून घ्या. आपल्या गटाच्या वहीसारखी जमा-खर्चाची एक वही तिला द्या. निघायच्या आधीचा एक महिना ही रक्कम घरीच हातात देऊन बघा. वीस तारखेला संपली तर घरीच कळेल, रागवायचंही कारण नाही. दर महिन्याला २०० रुपये औषधपाणी आणि एसटीच्या भाड्यासाठी वेगळे ठेवायचे आणि त्यांना हात लावायचा नाही, हा नियम करा.

ओटीपी, पिन कुणालाही सांगायचा नाही, "शिष्यवृत्ती मंजूर झाली, लिंक दाबा" असा मेसेज आला तर दाबायचं नाही. फसवणूक झालीच, तर लगेच १९३० या नंबरवर फोन करायचा. जेवढा लवकर फोन, तेवढी पैसे थांबण्याची शक्यता जास्त.

पाचवी तयारी: पहिला महिना

पहिल्या दिवशी शक्य असेल तर आई-वडील दोघंही जा. खोली बघा, न्हाणीघर बघा, मेसचं एक जेवण जेवून बघा. रेक्टरना भेटा. शासकीय वसतिगृहात त्यांना गृहपाल म्हणतात. त्यांचा नंबर, ऑफिसचा नंबर आणि खोलीतल्या निदान एका मुलीच्या घरचा नंबर वहीत घ्या. आम्हाला रात्री धावत जाता आलं ते त्या एका मुलीच्या फोनमुळं. रात्री आजारी पडलं तर दवाखान्यात कोण नेतं, गाडी कुठली, हेही विचारा. विचारायला लाजू नका. शाळा कमी शिकलो म्हणून आपल्याला विचारायचा हक्क कमी होत नाही.

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत लेकरू रडतं. "आई, मला नाही राहायचं इथं" असा फोन येतो. बहुतेकांचं असंच होतं. अन्न वेगळं, बोली वेगळी, खोलीत अनोळखी माणसं. कुणी आपल्या बोलण्याला हसतं, कुणाचं इंग्रजी आपल्यापेक्षा चांगलं असतं. गावच्या शाळेत पहिली येणारी मुलगी तिथं मागच्या बाकावर बसते, हा धक्का मोठा असतो. अशा वेळी लगेच आणायला जाऊ नका, आणि "रडतेस काय" म्हणून तोडूही नका. "पंधरा दिवस काढ, मग आपण बोलू" असं सांगा आणि पंधरा दिवसांनी खरंच बोला.

फोनची वेळ ठरवा. दिवसातून एकदा पुरे. दर तासाला फोन केला तर तिचं मन तिथं रमत नाही. फोनवर फक्त "जेवलीस का" एवढंच विचारू नका. "जेवले" म्हणून ती मोकळी होते. "आज भाजी काय होती? कुणाबरोबर जेवलीस?" असं विचारा. कुणाचंच नाव येत नसेल, तर ती एकटी पडली आहे हे ओळखा.

महिना-दीड महिना होऊनही रडणं थांबत नसेल, झोप-जेवण उडालं असेल, किंवा "जगून काय करू" असं बोलणं निघालं, तर त्याला नाटक म्हणू नका. त्याच दिवशी जाऊन भेटा. टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा नंबर आहे. मोफत आहे, मराठीत बोलता येतं, दिवसरात्र चालू असतो.

रॅगिंग आणि त्रास

रॅगिंग म्हणजे फक्त मारहाण नाही. मोठ्या मुलांनी जबरदस्तीनं नाचायला-गायला लावणं, कपड्यांवरून, जातीवरून, बोलण्यावरून सगळ्यांसमोर चिडवणं, आपली कामं करून घेणं, पैसे मागणं हे सगळं रॅगिंगच. महाराष्ट्रात याविरुद्ध १९९९ चा कायदा आहे. गुन्हा सिद्ध झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि दोषी विद्यार्थ्याला कॉलेजातून काढल्यावर पाच वर्षं दुसरीकडं प्रवेश मिळत नाही. तक्रार आल्यापासून सात दिवसांत संस्थाप्रमुखांनी चौकशी करायची असते. देशभराची हेल्पलाइन आहे: १८००-१८०-५५२२.

प्रवेशाच्या वेळी मुलाकडून आणि पालकांकडून रॅगिंगविरोधी हमीपत्र घेतात. आपण न वाचता सही करतो. ते मुलाकडून मोठ्यानं वाचून घ्या. आपला मुलगा पुढच्या वर्षी मोठ्या वर्गात जाणार आहे, त्यानंही कुणाला छळायचं नाही, हे त्याच वेळी बजावा.

मुलींसाठी आणखी एक गोष्ट. लैंगिक छळाची तक्रार ऐकायला प्रत्येक कॉलेजात अंतर्गत समिती असायलाच पाहिजे. तिच्या सदस्यांची नावं फलकावर लावलेली असतात. पहिल्याच आठवड्यात लेकीला त्या फलकाचा फोटो काढून ठेवायला सांगा. अडचणीच्या वेळी पोलिसांसाठी ११२ आणि महिलांसाठी १८१.

गटानं काय करायचं

वसतिगृह आपल्याकडं नवं नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात बोर्डिंग काढलं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात सगळ्या जाती-धर्मांच्या मुलांना एकत्र ठेवलं. त्या मुलांचं जेवणखाण लक्ष्मीबाई पाटलांनी बघितलं, आणि धान्य संपलं तेव्हा अंगावरचे दागिने, मंगळसूत्रसुद्धा, कामी आणलं. पोरं उपाशी आहेत हे त्या माउलीला सांगावं लागत नव्हतं. आजच्या होस्टेलवर तीनशे-चारशे मुलं असतात. रेक्टर कितीही चांगले असले तरी प्रत्येक तोंडाकडं बघणं त्यांना जमत नाही. म्हणून लेकराला स्वतः सांगता आलं पाहिजे आणि आपल्याला ऐकता आलं पाहिजे.

पुढच्या बैठकीत हे विषय घ्या. आपल्या गावातली कुठली मुलं यंदा बाहेर निघालीत, त्यांची यादी करा. आधी होस्टेलवर राहिलेल्या दोन-तीन मुला-मुलींना बोलवा आणि नव्या मुलांशी एक तास बोलू द्या. आपण बाहेर बसा, म्हणजे ती मोकळेपणानं बोलतील. शिक्षणासाठीच्या अंतर्गत कर्जाला जून ते ऑगस्टमध्ये प्राधान्य द्यायचा ठराव करा. आणि एखादीची लेक मध्येच आजारी पडली, तर तिच्याबरोबर रात्री कोण जाईल, घरच्या जनावरांना कोण बघेल, हेही ठरवून ठेवा. मी गेले तेव्हा माझ्या दोन शेळ्या आणि म्हातारी सासू गटातल्या दोघीजणींनी सांभाळली होती.

माझी लेक आता शेवटच्या वर्षाला आहे. परवा तिचा फोन आला, "आई, एक विषय राहिलाय. बाबांना दे फोन, मीच सांगते." तिचे वडील ऐकत राहिले. मग म्हणाले, "बरं. परत कधी आहे पेपर?" एवढंच.